एका घरातले तीन किताब

हार्बर मार्गावरची लोकल मानसरोवर सोडून खांदेश्वरकडे निघते, तेव्हा रमजानच्या दिवसांत डब्यातल्या काहींची नजर घड्याळावर असते. मगरिबच्या अजानीला किती मिनिटे उरली, घर गाठता येईल की पिशवीतल्या खजुरावरच रोजा सोडावा लागेल, असा हिशेब मनात चालू असतो. समोरच्या बाकावरचा प्रवासी न विचारता पाण्याची बाटली पुढे करतो. रोजच्या गाडीतली माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, नावाने क्वचितच.

खांदेश्वर हे नाव इथल्या तलावाकाठच्या जुन्या शिवमंदिराचे. सिडकोचे शहर उभे राहिले ते नंतर. त्याआधी हा परिसर भातशेतीचा आणि आगरी-कोळी गावांचा होता. गावदेवीची जत्रा भरली की आखाडा ठरलेला असे आणि अनेक गावांत ती रीत अजून टिकून आहे. जत्रेत पाळणे येतात, मिठाईची दुकाने लागतात, आणि उन्हे उतरू लागली की माणसे रिंगण करून कुस्त्यांना बसतात. इमारतींच्या गर्दीत एवढीच काय ती तांबडी माती उरली आहे.

याच खांदेश्वरहून पनवेलमार्गे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागले की बोरघाट चढण्याआधी खोपोली येते. आज बरेच जण खोपोलीला वडापाव आणि चहापुरते थांबतात. पण महाराष्ट्राच्या कुस्तीच्या इतिहासात या गावाच्या नावावर एक नोंद आहे. १९८० साली महाराष्ट्र केसरीची लढत खोपोलीत झाली आणि किताब जिंकला इस्माईल शेख यांनी. सोलापूरजवळच्या बोरामणी गावातल्या शेख घराण्यात आलेला हा पहिला किताब. पुढच्या बावीस वर्षांत त्याच घराण्यात आणखी दोन आले.

किताब कसा सुरू झाला

महाराष्ट्रात कुस्ती जुनी, पण तिला राज्याचा एक किताब मिळाला तो अलीकडे. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. तोवर कुस्ती संस्थानिकांच्या आश्रयावर आणि जत्रा-उरुसांच्या मैदानांवर जगत होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले. बसल्या जागेवरून प्रत्येकाला कुस्ती दिसावी असा त्याचा उतार. उत्तरेतले, पंजाबातले नामांकित मल्ल तिथे येत, राहत, शिकत आणि शिकवत. संस्थाने गेली तसा आश्रय गेला आणि पैलवानाचा खुराक कोण पुरवणार, हा प्रश्न उभा राहिला. परिषदेचा जन्म या प्रश्नातून झाला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याचा पहिला केसरी ठरला. १९६१ साली त्या वेळच्या औरंगाबादमध्ये सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी हा मान मिळवला. १९६२ मध्ये धुळ्याला भगवान मोरे जिंकले. त्यानंतर हे अधिवेशन गावोगाव फिरत राहिले. अमरावती, नाशिक, जळगाव, लातूर, अकोला, ठाणे, चंद्रपूर, अकलूज, नागपूर, बीड. २००४ मध्ये ते वाशीला आले आणि चंद्रहास निमगिरे केसरी झाले. २०१० मध्ये रोह्याला समाधान घोडके जिंकले. म्हणजे खांदेश्वरच्या माणसाला लोकलने किंवा एसटीने जाऊन पाहता येईल इतक्या जवळ हा किताब अनेकदा येऊन गेला आहे.

चांदीची गदा १९८०च्या दशकापासूनची. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून ती दिली जाऊ लागली. सुरुवातीच्या केसरींना गदा नव्हती. फेटा, हार, गावात मिरवणूक आणि नावापुढे कायमचे लागलेले दोन शब्द, एवढीच त्यांची कमाई.

लढतीची रीतही बदलत गेली. पूर्वी मातीवरच्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत खेळ चाले. कधी कधी दोघांपैकी कोणीच हटत नसे आणि कुस्ती निकाली होत नसे. म्हणूनच विजेत्यांच्या यादीत मधूनमधून रिकामे रकाने आहेत. १९८९ ते १९९१ अशी सलग तीन वर्षे तिथे कोणाचेच नाव नाही. आता गादी आणि माती असे दोन विभाग असतात. दोन्हींकडचे विजेते अखेरच्या लढतीत समोरासमोर येतात आणि निकाल गुणांवर लागतो. वजनाची अट ८६ ते १२५ किलो. मातीत वाढलेल्या पैलवानाला गादीचा वेग शिकावा लागतो, आणि गादीवर तयार झालेल्याला मातीचा दम.

यादीतला महाराष्ट्र

या यादीतली नावे एकामागून एक वाचत गेले तर राज्याचा नकाशाच उलगडतो. १९६६चे दिनानाथसिंह उत्तर प्रदेशातून कोल्हापुरात आले आणि कोल्हापूरचेच झाले. १९६७ आणि १९६८चे चंबा मुत्नाळ सीमाभागातले. १९६९ मध्ये लातूरला जिंकलेले हरिश्चंद्र बिराजदार पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले. १९७० आणि १९७१ मध्ये दादू चौगुले, आणि २००० साली त्यांचाच मुलगा विनोद चौगुले. १९७२ आणि १९७३ मध्ये लक्ष्मण वडार. मुंबईच्या तालमीत घडलेले नरसिंग यादव २०११ पासून सलग तीनदा जिंकले आणि त्यांच्यामागोमाग जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरी यांनीही तीच कामगिरी केली.

१९८०चे इस्माईल शेख याच यादीत आहेत. १९९२चे आप्पालाल शेख, २००२चे मुन्नालाल शेख, २००५चे सईद चाऊस आणि २०१८चे बाला रफिक शेखही याच यादीत आहेत. त्यांच्यासाठी वेगळे पान नाही, वेगळा रकानाही नाही. साल, गाव, नाव. बस.

यातल्या काही नावांकडे थांबून पाहायला हवे. आप्पालाल. ‘आप्पा’ हा मराठी-कानडी मुलखातला आदराचा शब्द. मुन्नालाल हे नाव हिंदी पट्ट्यात कोणाचेही असू शकते. बाला रफिकमधला ‘बाला’ तर कुठल्याही मराठी घरात हाक मारावी तसा. सोलापूरकडच्या खेड्यापाड्यांत अशी नावे सर्रास ऐकू येतात. माणूस कोणत्या धर्माचा, हे कळण्यासाठी आडनावापर्यंत यावे लागते. आखाड्यात पुकारा होतो तेव्हा तिथवर येण्याची गरज कोणाला पडत नाही. निवेदक आधी तालमीचे नाव घेतो, मग वस्तादाचे, मग पैलवानाचे.

शब्दांची माती

उर्दू शाळेतल्या मुलाला ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठी मुलाला तालीम म्हणजे आखाडा, आणि थोडा मोठा झाल्यावर नाटकाची तालीम. मूळ अरबी शब्द एकच. उर्दूतला ‘उस्ताद’ मराठीत येऊन ‘वस्ताद’ झाला आणि त्याच्या आवाजात जरा जरब आली. पैलवान, कुस्ती, जोर, मैदान, खुराक हे फारसीकडून आलेले, तर इनाम आणि हौद अरबीतून. शड्डू मात्र इथलाच आणि लंगोटही इथलाच. ‘केसरी’ म्हणजे सिंह, हा संस्कृत. आणि ‘किताब’? उर्दूत पदवीला ‘खिताब’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘किताब’. मराठीने खिताबाचाच किताब केला. तेव्हा ‘महाराष्ट्र केसरी किताब’ असे कोणी म्हणतो, त्या तीन शब्दांत संस्कृत आणि अरबी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि बोलणाऱ्याला ते जाणवतही नाही.

मातीचेही तसेच आहे. हौदातली माती नुसती खणून आणलेली नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. हळदीने खरचटलेले चिघळत नाही, तेला-ताकाने माती मऊ राहते. तालमीत एका बाजूला मारुतीची तसबीर असते. उतरण्याआधी पैलवान मातीला हात लावून कपाळाशी नेतो. ज्याला मारुतीपुढे हात जोडायचे तो जोडतो, ज्याला ‘या अली’ म्हणायचे तो म्हणतो. नंतर दोघे एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात, म्हणजे घामाने हात निसटत नाहीत. आपल्याशी लढायला आलेल्याची पकड आपल्या अंगावर नीट बसावी, याची सोय पैलवान स्वतःच करून देतो. अशी रीत दुसऱ्या फार थोड्या खेळांत असेल.

पश्चिम महाराष्ट्रात ग्रामदैवताच्या यात्रेचा शेवट कुस्तीने होतो, आणि पीरबाबाच्या उरुसाचाही. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग शंभर-पाचशेच्या आणि शेवटी निकाली मोठी कुस्ती. हलगीवाला तोच, पंच तेच, फेटे तेच. यात्रा कमिटीत आणि उरूस कमिटीत दोन्हीकडची माणसे असतात, कारण वर्गणी सगळ्या गावाची असते.

बोरामणीचे घर

बोरामणी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. अलीकडे हे नाव रखडलेल्या विमानतळामुळे बातम्यांत येते. कुस्तीच्या जुन्या शौकिनांना मात्र ते शेख घराण्यामुळे ठाऊक आहे. इस्माईल आणि आप्पालाल हे भाऊ, मुन्नालाल हे पुतणे. एकाच घरात तीन महाराष्ट्र केसरी.

१९८० मध्ये मोठ्या भावाने खोपोलीत मारलेली मजल धाकट्याने पाहिली होती. ती गाठायला आणखी बारा वर्षे लागली. १९९२ हे साल देशाने वेगळ्याच आठवणींसह जपले आहे. मुंबईने तर ते विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाही. त्याच सालाच्या रकान्यात, पुण्याच्या अधिवेशनापुढे, नाव आहे आप्पालाल शेख. आधीची तीन वर्षे रिकामी होती. खंड पडलेला किताब त्यांनी पुन्हा सुरू केला. त्या वर्षी देशात काय चालले होते, याचा उल्लेख यादीत नाही. कुस्ती कोणी जिंकली, एवढेच तिथे लिहिले आहे. कधी कधी एवढेच लिहिलेले पुरते.

२००२ मध्ये जालन्याला मुन्नालाल शेख यांनी घरातला तिसरा किताब आणला.

पुढची गोष्ट सांगायला जड आहे. आप्पालाल यांना उतारवयात किडनीच्या विकाराने गाठले. ज्या देहाने शेकडो मैदाने गाजवली, तो दवाखान्याच्या खाटेवर आला. उपचारांचा खर्च घराला पेलवेना. मदतीसाठी वृत्तपत्रांतून आवाहने करावी लागली. कुस्तीप्रेमींनी जमेल तसा हात दिला, तरी आजाराने त्यांना सोडले नाही. ते गेल्यावर सगळ्यांना १९९२ आठवले.

हे एका घरापुरते नाही. पैलवानाची मिळकत ही मैदानांची मिळकत. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यात संपतात. त्या काही महिन्यांत मिळालेल्या इनामावर वर्षभराचे दूध, तूप, बदाम चालवायचे. केसरी झाला की त्याचे मानधन वाढते, मोठ्या मैदानांची बोलावणी येतात. आता विजेत्याला गदेबरोबर गाडीही मिळते. २०२३च्या जानेवारीत पुण्यात जिंकलेल्या शिवराज राक्षे यांना थार गाडी मिळाली होती. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांना पोलीस दलात अधिकारी होता आले. पण केसरी वर्षाला एक, आणि तालमींत घाम गाळणारी पोरे हजारो. एखादा गुडघा गेला, एखादा खांदा निखळला की विशी-पंचविशीतच कारकीर्द संपते. खुराकाची सवय लागलेला देह उरतो आणि हाताला दुसरे काम नसते. शिक्षण तर तालमीच्या नादात केव्हाच सुटलेले असते. म्हणजे तालीम या शब्दाचा उर्दूतला अर्थ मराठीतल्या अर्थापायी हरवून बसतो.

रोजा आणि खुराक

पैलवानाचा दिवस पहाटे साडेतीन-चारला सुरू होतो. जोर, बैठका, धावणे, मग हौदात लढती. दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. मध्ये दूध, थंडाई, तूप, फळे. सगळी घडी पोटाशी आणि पाण्याशी बांधलेली. रमजान आला की रोजा धरणाऱ्या पैलवानाची ही घडी उलटी होते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, म्हणजे दुपारच्या उन्हात घाम काढणे धोक्याचे. मग जड मेहनत इफ्तारनंतर किंवा सहरीच्या आधी. दूध आणि बदाम रात्रीच्या दोन वेळांत बसवायचे. वजन उतरू द्यायचे नाही आणि रोजाही सोडायचा नाही. प्रवासात किंवा आजारपणात रोजा पुढे भरून काढण्याची मुभा धर्मातच आहे. कोणी तिचा आधार घेतो, कोणी घेत नाही. हा ज्याचा त्याचा आणि अल्लाहचा हिशेब.

चंद्राच्या गणतीमुळे रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. महाराष्ट्र केसरीची अधिवेशने बहुतेकदा हिवाळ्यात असतात. २०३० मध्ये रमजान जानेवारीत येईल आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पुन्हा. तेव्हा एखाद्या तरुण पैलवानाला रोजा आणि किताब यांचा मेळ घालावा लागेल. त्याची वेळ सांभाळण्यासाठी पहाटे दोनला हौदात उतरणारा जोडीदार बहुधा रोजा न धरणारा असेल. जोडीदाराशिवाय मेहनत होत नाही, आणि जोडीदार जात पाहून मिळत नाही, वजन पाहून मिळतो.

वस्तादाचे नाव

२०१८चे अधिवेशन जालन्याला झाले. करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचे बाला रफिक शेख बुलढाण्याकडून उतरले होते. समोर आदल्या वर्षीचे केसरी अभिजित कटके. बाला रफिक यांनी ती लढत ११-३ अशी जिंकली. गदा खांद्यावर घेतली तेव्हा त्यांच्या वस्तादांना जाऊन तीनच महिने झाले होते. ते वस्ताद म्हणजे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. १९६० चे हिंदकेसरी, १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकला गेलेले. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी आयुष्य घालवले आणि कित्येक पोरे घडवली. खडकीच्या शेखांचे पोर त्यांच्या हाताखाली आले तेव्हा त्यांनी त्याचा बांधा पाहिला, दम पाहिला. बाला रफिक यांनी तो विजय आपल्या वस्तादांना वाहिला. मुलगा बापाचे नाव लावतो, पैलवान वस्तादाचे. आखाड्यात वंश चालतो तो असा.

गेल्या काही वर्षांत या किताबाला वादांचे ग्रहण लागले आहे. संघटना दुभंगल्या आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तर दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून पैलवान संतापले, पंचाला लाथ बसली, अखेरची लढत अर्धवट सुटली. पृथ्वीराज मोहोळ केसरी झाले, पण दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती निलंबनांची. अशा वेळी मोबाइलवर हार-जितीला जातीची आणि धर्माची लेबले लावणारेही पुढे येतात. आखाड्याच्या कडेलाही न बसलेल्यांना ते सोपे असते.

त्याच किताबाचे दुसरे एक चित्र २०२०च्या जानेवारीतले आहे. पुण्यात अखेरच्या लढतीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघे काका पवार यांच्या एकाच तालमीतले, एकत्र जेवणारे, एकत्र जोर मारणारे. हर्षवर्धन ३-२ असे निसटते जिंकले. निकाल लागताच त्यांनी हरलेल्या मित्राला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले. गदा नंतर घेतली.

खोपोलीच्या वाटेवर

खोपोलीत १९८०ची ती लढत पाहिलेली माणसे आता साठी-सत्तरीत असतील. ज्या मैदानात ती झाली, त्याच्या आसपास कारखाने आले, इमारती आल्या, द्रुतगती मार्ग आला. एखादी पाटी तिथे लावली गेली आणि त्यावर साल, गाव, नाव लिहिले गेले, तर वडापावासाठी थांबलेल्या एखाद्या पोराला कळेल की बोरामणीच्या घरातला पहिला किताब इथे मिळाला होता. पाटीपेक्षा मोठे काम मात्र वेगळे आहे. किताब जिंकल्यावर फेटा बांधायला गाव जमते, तसे पैलवान खाटेवर पडल्यावरही जमावे. त्यासाठी पाच-पंचवीस हजारांची वर्गणी पुरत नाही. पैलवानाच्या दवाखान्याची सोय आणि तालमीतल्या पोराची शाळा, या दोन गोष्टी गदेइतक्याच मानाच्या मानल्या गेल्या पाहिजेत.

रमजान हा जकातचाही महिना. ज्याच्याकडे आहे त्याने नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, आणि तो उपकार म्हणून नाही तर हक्क म्हणून द्यायचा, ही त्यातली शिकवण. तिला कुठल्या एका धर्माची चौकट लागत नाही. गावच्या वर्गणीतही तेच असते.

संध्याकाळ होते. खांदेश्वर स्थानकावर गाडी थांबते, माणसे उतरतात. अजान होते, देवळाकडून घंटेचा आवाज येतो. कोणीतरी खजुराची पिशवी उघडून आधी शेजारच्यापुढे धरतो. शेजारचा एक खजूर उचलतो आणि म्हणतो, “तुम्ही आधी घ्या, तुमचा उपवास आहे.”